हाडसांधीचा चौकोनी वेल

युरोपात मोडलेल्या हाडावर कॉम्फ्रेचा लेप बांधत. ओलसर, थंड मातीतल्या या झाडाला बार्शीचा उन्हाळा झेपणं कठीण. पण तोच लौकिक असलेली कांडवेल, म्हणजे हाडसांधी, कोरड्या हवेत कुंडीतही तग धरते.

ही द्राक्षाच्याच कुळातली. कांडी चौकोनी, मांसल; पेऱ्याशी एखादंच पान. दोन-तीन पेऱ्यांचा तुकडा सावलीत सुकवून निचऱ्याच्या मातीत खोचावा. पाणी बेताचंच, नाहीतर कांडी कुजते.

तमिळ घरांत कोवळ्या कांड्यांची चटणी होते. ऑक्सलेटच्या स्फटिकांनी हात खाजतात, म्हणून हाताला तेल लावून चिरतात, नीट परततात आणि चिंच घालतात.

हाड मोडलं तर मात्र आधी एक्स-रे आणि प्लास्टर. कॉम्फ्रे तर पोटात घेऊच नये; त्यातली अल्कलॉइडं यकृताला घातक असतात.