जुन्या बेसबॉलच्या गोष्टी (९) : एकोणीस दिवस आधी

२३ सप्टेंबर १९०८, जायंट्स विरुद्ध शिकागो कब्ज. या सामन्यातल्या विजयी फटक्यानंतर जायंट्सच्या मर्कलला आपण गेल्या आठवड्यात पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मध्ये, क्लबहाउसकडे वळताना सोडलं. आज ८ ऑक्टोबरच्या फेरसामन्याकडे जायचं ठरलं होतं. पण सोलापूरच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि बेत बदलला. ते विचारतात, मर्कलच्या पुढे धावणारा मॅककॉर्मिक होमला पोचला, जायंट्सचा रन झाला. मग मागचा पोरगा कुठे गेला याच्याशी कुणाला काय करायचंय?

प्रश्न रास्त आहे. उत्तर क्रिकेटमधून देतो. फलंदाजानं चेंडू उंच उडवला, दोघांनी पळून एक धाव पुरीही केली, आणि मग झेल पकडला गेला, तर ती धाव धरत नाहीत. आधी कोण पोचलं हे तिथे चालत नाही. इथेही तसंच. जायंट्सच्या ब्रिडवेलनं चेंडू मारला की त्याला पहिला बेस हवा. म्हणून तिथल्या मर्कलला उठून दुसरा गाठणं भागच. तो पोचण्याआधी चेंडू हातात असलेल्या क्षेत्ररक्षकानं दुसऱ्या बेसला पाय लावला, की मर्कल बाद. याला फोर्स आउट म्हणतात. हा तिसरा बाद असेल, तर त्या फटक्यावरचा रन रद्द.

नियम जुना, पण विजयी फटक्यानंतर तो कुणी लावत नसे. लोक मैदानात घुसत आणि खेळाडू त्यांच्या आधी क्लबहाउस गाठायला पळत. शिकागो कब्जचा जॉनी एव्हर्स मात्र नियम पाठ करून बसलेला माणूस.

आणि इथेच मला सर्वांत आवडणारा भाग येतो. ४ सप्टेंबर १९०८, पिट्सबर्ग विरुद्ध कब्ज, पिट्सबर्गमध्ये. दहावी इनिंग, ०-०, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले. पिट्सबर्गच्या विल्सनच्या फटक्यावर क्लार्क होमला आला आणि पहिल्या बेसवरचा वॉरन गिल दुसऱ्याला न शिवताच निघून गेला. एव्हर्सनं चेंडू मागवला, बेसला पाय लावला, दाद मागितली. अंपायर एकटेच होते, त्यांची नजर होमवर होती. त्यांनी गिलला पाहिलंच नव्हतं, त्यामुळे बाद दिला नाही. कब्जनी तक्रार केली. लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांनी ती फेटाळली.

त्या अंपायरचं नाव हँक ओ'डे. १९ दिवसांनी, २३ सप्टेंबरला, पोलो ग्राउंड्सवर होमच्या मागे तेच उभे होते.

या वेळीही एव्हर्सनं दुसऱ्या बेसवर दाद मागितली. दुसरे अंपायर एम्स्ली यांनी आपण पाहिलं नसल्याचं सांगितलं. ओ'डे यांनी मर्कलला बाद दिलं. तोवर मैदान माणसांनी भरलेलं, अंधार पडत आलेला. सामना १-१ असा बरोबरीत धरला गेला. माझ्या मते ओ'डे यांचा निर्णय नियमाला धरूनच होता. पण १९ वर्षांच्या मर्कलला जन्मभर 'बोनहेड', म्हणजे मठ्ठ, म्हणणं हा शुद्ध अन्याय होता. गिलनं तेच केलं, त्याला कुणी नाव ठेवलं नाही. मर्कल त्यानंतरही पुष्कळ वर्षं वरच्या दर्जाचं बेसबॉल खेळला. जायंट्सचे मॅनेजर मॅकग्रॉ यांनी त्याला कधी दोष दिला नाही, उलट त्याचा पगार वाढवला.

फेरसामना पुढच्या आठवड्यात. तोवर एवढं लक्षात ठेवा : ठरलेले सामने संपले तेव्हा दोन्ही संघांचे विजय होते ९८ आणि पराभव ५५.