क्रूझ निवडताना भाड्यासोबत तिथली रीतही बघा!

🚢 क्युनार्डचं ‘क्वीन मेरी २’ (२००४): संध्याकाळी सहानंतर नीटनेटका पोशाख. गाला रात्री सूट-टाय, आपली पैठणीही शोभून दिसेल.

🚢 नॉर्वेजियन: २००० साली ‘फ्रीस्टाइल’ आणलं. जेवायला ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही.

🚢 रॉयल कॅरिबियनचं ‘आयकॉन ऑफ द सीज’ (२०२४): २० डेक, मोठ्ठं वॉटरपार्क. मुलांची चंगळ.

सहप्रवाशांची शिस्त मात्र सैल होतेय, याचं वाईट वाटतं. पहाटेच पूलकाठच्या आरामखुर्चीवर टॉवेल, चपला ठेवायच्या आणि गायब व्हायचं! कार्निव्हल क्रूझ कंपनीचे कर्मचारी अशा खुर्चीवर वेळेची चिठ्ठी लावतात, ४० मिनिटांनी सामान उचलतात. अगदी योग्य!

डेकवर मोबाइल इअरफोन लावूनच ऐका. समुद्राची गाज सगळ्यांनाच ऐकू द्या. 🌊