परसातला मटार : थंडीचे दिवस मोजा आणि पेरा

हिवाळा आला की आपल्या दस्तरखानावर मटार येतो. कधी कीम्यात, कधी पुलावात, कधी नुसत्या बटाट्यासोबत. डहाणू-तलासरीच्या बाजारात मिळणारा हा मटार बहुतेक घाटावरून किंवा उत्तरेकडून आलेला असतो. शेंग तोडल्याबरोबर दाण्यातली साखर स्टार्चमध्ये बदलू लागते, म्हणून दोन-तीन दिवसांचा प्रवास करून आलेला दाणा पिठूळ लागतो. परसातून तोडून लगेच सोललेल्या मटारची गोडी वेगळीच असते.

मग आपल्याकडे घरोघरी मटार का दिसत नाही? कारण आपली हवा. मटारला थंडी लागते आणि पारा ३० अंशांच्या वर राहिला की फुले गळतात. किनाऱ्यावर खरी थंडी जेमतेम दोन महिने टिकते. तलासरीकडे, समुद्रापासून आत, रात्री जरा जास्त गार असतात. या थोड्या दिवसांत फुले आणि शेंगा बसवायच्या, हाच सगळा हिशोब आहे.

पेरणी कधी?

ऑक्टोबरच्या उन्हात पेरले तर रोपे खुरटतात. डिसेंबरअखेर पेरले तर फुले फेब्रुवारीच्या उन्हात सापडतात. नोव्हेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा योग्य. लवकर येणारी जात निवडावी. ‘अर्केल’ ही बुटकी जात सुमारे ६० ते ६५ दिवसांत पहिल्या तोडणीला येते. नोव्हेंबरच्या मध्यावर पेरलेला अर्केल जानेवारीच्या मध्यानंतर शेंगा देऊ लागतो.

एक खबरदारी घ्या. पाकिटातल्या रंगीत बियांना बुरशीनाशक लावलेले असते. ते विषारी आहे. पेरताना मुलांना सोबत जरूर घ्या, पण त्यांनी बी तोंडात घालू नये आणि नंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. उरलेले बी स्वयंपाकघरात ठेवू नये.

वाफा आणि निगा

जागा उन्हाची हवी. चिकूच्या दाट सावलीत मटार होत नाही. चार फूट रुंद, सहा फूट लांब वाफा करून त्यात कुजलेले शेणखत मिसळावे. पाणी साचू देऊ नये. ३० सेंटीमीटर अंतरावर चार ओळी आखाव्यात, ओळीत १० सेंटीमीटरवर एकेक बी, दोन-तीन सेंटीमीटर खोल. साधारण ७० रोपे बसतात. वेल वीतभर झाले की आधाराला काटक्या रोवाव्यात.

युरियाची गरज नाही. मटारच्या मुळांवर गाठी येतात आणि त्यांतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन रोपाला मिळवून देतात. एखादे रोप उपटून गाठ फोडून पाहा. आतून गुलाबी दिसली तर ती काम करते आहे. मुलांना विज्ञानाच्या पुस्तकातला धडा इथे हातात दाखवता येतो.

पाणी सकाळी, मुळाशी द्यावे. फुले आणि दाणे भरण्याच्या काळात माती कोरडी पडू देऊ नये. पानांवर पांढरी भुरी दिसली तर ती पाने लगेच काढून टाकावीत. माती किंवा बियाण्याची शंका असेल तर कोसबाड हिलचे कृषी विज्ञान केंद्र डहाणू तालुक्यातच आहे.

तोडणी

खालच्या शेंगा आधी भरतात. शेंग फुगलेली पण हिरवी, चकचकीत असतानाच तोडावी. फिकी पडून तिच्यावर जाळी दिसू लागली म्हणजे उशीर झाला. एका हाताने वेल धरून दुसऱ्या हाताने शेंग काढावी. नुसती ओढली तर वेल मुळासकट येतो. दर दोन-तीन दिवसांनी, सकाळी गारव्यात तोडणी करावी. पिकलेल्या शेंगा वेलावर राहिल्या की नवी फुले येणे थांबते.

दाणे साठवायचे असतील तर उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात घालावेत, निथळून फ्रीजरमध्ये ठेवावेत. रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस आधी येतो आणि २०२८ मध्ये तो जानेवारीच्या अखेरीस, म्हणजे ऐन तोडणीत येईल. इफ्तारच्या पुलावाला तेव्हा परसातलाच मटार घालता येईल, इन्शाअल्लाह.

हंगाम संपल्यावर वेल उपटू नयेत, जमिनीलगत कापावेत. मुळे आणि गाठी मातीत कुजून पुढच्या भाजीच्या कामी येतात.

अपेक्षा किती ठेवावी?

एवढ्या वाफ्यातून सगळे नीट जमले तरी शेंगा तीनेक किलो, सोलून दाणे दीड किलोच्या आसपास. यात वर्षाची भाजी भागणार नाही. म्हणून कुंपणाला वालपापडीचा वेलही चढवा. भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल पेरायची आपल्या भागाची जुनी रीत आहे आणि हे पीक मटारपेक्षा ऊन जास्त सोसते. मटार चार-पाच जेवणांची हौस पुरवील, रोजचा आधार वाल देईल.

पेरलेल्या रोपातून माणूस, पक्षी किंवा जनावर जे खाईल, तो पेरणाऱ्याचा सदका होतो, अशी शिकवण आपल्याला हदीसमधून मिळाली आहे. तेव्हा पोपटांनी चार शेंगा नेल्या तर मन खट्टू करू नका, आणि पहिल्या तोडणीतली वाटीभर शेजारी पाठवा.