सुपरचार्जरवरचा आळ

2002 ते 2006 या काळात विकली गेलेली मिनी कूपर एस हौशी मंडळींमध्ये आर 53 या नावानं ओळखली जाते. गाडी ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या कारखान्यात बने, तिचं 1.6 लिटरचं इंजिन मात्र थेट ब्राझीलमधल्या कांपो लार्गोहून येई. त्या इंजिनाला ईटन कंपनीचा एम 45 सुपरचार्जर जोडलेला असे. ॲक्सिलरेटर दाबला की तो शीळ घालतो, आणि अनेकांनी ही गाडी त्या शिळेसाठीच घेतली. पण गाडीला वय झालं, कुठे खडखडू लागलं, चढावर दचके बसू लागले, की पहिला आळ त्याच्यावरच येतो. बहुतेक वेळा खरा गुन्हेगार त्याच्या शेजारीपाजारी सापडतो.

टर्बोची चक्की एग्झॉस्टच्या झोतावर फिरते. सुपरचार्जर क्रँक पुलीवरून येणाऱ्या पट्ट्यानं फिरतो, इंजिनाच्या जवळपास दुप्पट वेगानं. आत प्रत्येकी तीन पाकळ्यांचे, पीळ दिलेले दोन रोटर असतात. ते एकमेकांना शिवत नाहीत. पुढच्या टोकाचे दोन गिअर त्यांचा ताल सांभाळतात. एका फेऱ्यात साधारण पाऊण लिटर हवा पुढे ढकलली जाते. ही हवा सुपरचार्जरच्या आत दाबली जात नाही. इंजिन गिळू शकेल त्याहून जास्त हवा पुढे येत राहते, म्हणून मॅनिफोल्डमध्ये दाब तयार होतो. पाय हलका असताना मात्र बायपास झडप उघडी राहते आणि हवा गोल गोल फिरत बसते. ही झडप लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

आवाज ऐकला की लोक लगेच बॉनेट उघडून तो कुठून येतो ते शोधू लागतात. लोखंडी ब्लॉकमध्ये आवाज सगळीकडे पसरतो, कान फसतो. त्याऐवजी तो केव्हा येतो ते आधी लिहून काढावं. गार इंजिन सुरू करताना दोनतीन सेकंद खडखडून थांबला, तर संशय टायमिंग चेनच्या टेन्शनरवर जातो, कारण तेलाचा दाब चढेपर्यंत तो सैल असतो. इथे डिपस्टिक काढून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये; तेल कमी असणं हेही पुरेसं कारण आहे. आयडलला डबीत गोट्या हलवल्यासारखा आवाज येत असेल आणि जरा रेस दिली की विरत असेल, तर सुपरचार्जरच्या पुढच्या नाकातली कपलिंग झिजलेली असू शकते. आरपीएमबरोबर चढत जाणारी घरघर म्हणजे बेअरिंग. पण कोणतं? अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, आयडलर पुली, सुपरचार्जर, सगळे एकाच पट्ट्यावर लटकलेले.

म्हणून पट्टाच काढायचा. इंजिन बंद आणि गार असताना टेन्शनर मागे ओढून पट्टा उतरवावा आणि गाडी सुरू करावी. बायपासमधून हवा मिळते, त्यामुळे इंजिन चालतं. पण अर्ध्या मिनिटाच्या वर मुळीच नाही, कारण या गाडीत पाण्याचा पंप सुपरचार्जरच्या मागच्या टोकावरूनच फिरतो. पट्टा नाही म्हणजे कूलंटचं फिरणंही नाही. आवाज गेला, तर इंजिन बंद करून एकेक पुली हातानं फिरवून पाहावी. चांगली पुली गुपचूप फिरते. खराब झालेली बोटांना वाळूसारखी कचकचते किंवा आडवी हलते. पट्टा काढूनही आवाज राहिला, तर सुपरचार्जर सुटला. मग चेन, व्हॉल्व्हची बाजू किंवा खुद्द क्रँक पुली.

पंपाचा उल्लेख झालाच आहे, तर सुपरचार्जरच्या मागच्या टोकाला तो फिरवणाऱ्या गिअरांबद्दल सांगायला हवं. त्यांचं तेल इंजिनाच्या तेलापेक्षा वेगळं आणि अगदी थोडं असतं. ते आयुष्यभर पुरेल असं धरलेलं होतं. गाडीच्या आयुष्याचा हा अंदाज जरा कंजूषच म्हणायचा. तेल आटलं की गिअरचे दात झिजतात, एक दिवस पंप थांबतो आणि तापमानाचा काटा वर धावतो. मागून येणाऱ्या कोरड्या किरकिरीकडे कानाडोळा करायचा नाही तो यासाठी.

आता अडखळण्याकडे वळू. इथेही प्रश्न तोच, केव्हा? दोनतीन हजार आरपीएमवर पाय स्थिर ठेवूनही गाडी झोके घेतल्यासारखी पुढेमागे करत असेल, तर बायपास झडप नीट उघडझाप करत नाही. वरच्या गिअरमध्ये चढावर जोर दिला की मिसिंग मारत असेल, तर आधी प्लग पाहावेत. दाबलेल्या हवेतून ठिणगीला उडी मारणं अवघड जातं, आणि प्लग झिजला की गॅप वाढत जातो. साध्या इंजिनात खपून गेलेला गॅप इथे चालत नाही. चारही सिलिंडरांचं कॉइल एकाच ठोकळ्यात असतं. त्याच्या टोकांवर हिरवट-पांढरा गंज दिसला तर तेही संशयित. ठोकळ्याला चालू इंजिनात हात लावायचा नाही, झटका जबर असतो.

नुसतीच मरगळ असेल, दचके नाहीत आणि चेक इंजिनचा दिवाही नाही, तर गळती शोधावी. या गाडीत आत जाणारी हवा थेट मोजली जात नाही; दाब आणि तापमान यांवरून हिशेब होतो. त्यामुळे वर बसवलेल्या इंटरकूलरच्या दोन्ही बाजूंच्या रबरी बुटांतून हवा निसटली, तर कॉम्प्युटर कमी दाब वाचून इंधनही कमी सोडतो. मिश्रण ठीक राहतं, गाडी मात्र पिकअप घेत नाही. अशा वेळी स्कॅनर गप्प बसतो आणि धुराची चाचणी फट दाखवून देते.

आवाज आणि मरगळ दोन्ही एकदम सुरू झाले असतील, तर खडू आणा. क्रँक पुलीचा आतला गाभा आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबराचा थर असतो. तो सुटला की गाभा फिरतो आणि कडं मागे राहतं. पट्टा हळू पडतो, दाब मिळत नाही, आणि कडं डगमगून खडखडतं. गाडी बंद असताना गाभ्यावरून कड्यावर एक सरळ रेष ओढा, एका चढाची फेरी मारून या आणि पुन्हा वाकून पाहा. रेषेचे दोन तुकडे झाले असतील, तर सुपरचार्जर उतरवायला घेतलेले पाने परत पेटीत ठेवायला हरकत नाही.