शिफारसपत्र : सहीपूर्वीचा विचार

ऑगस्ट उजाडला की हैदराबादेतील आपल्यापैकी अनेकांकडे अमेरिकेतील रेसिडेन्सीसाठी शिफारसपत्र मागणारे तरुण डॉक्टर येऊ लागतात. कित्येकांच्या हाती मजकूर तयारच असतो. आपण केवळ सही करायची! ‘हुशार, कष्टाळू, मनमिळाऊ’ एवढ्यावरून निवड करणाऱ्यांना काय उमगणार? तेथे प्रत्येक अर्जासोबत जास्तीत जास्त चारच पत्रे जोडता येतात.

त्यापेक्षा, डेंग्यूने अत्यवस्थ झालेल्या बालकाचा हिमॅटोक्रिट पाहत ज्याने रात्रभर सलाइनचा वेग कमीजास्त केला, त्याची तेवढीच हकिगत लिहावी. प्रत्यक्ष पाहणाऱ्यालाच ती लिहिता येते. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला पाठवलेले पत्र शिफारसीचे नव्हे, प्रवेशासाठीचे. पण पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनींसाठी आपण आलो आहोत, हे त्यात नेमके मांडलेले होते. प्रवेश मिळाला, १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या.

उमेदवाराचे काम आपण पाहिलेच नसेल, तर सौजन्याने पण तत्काळ नकार द्यावा. अन्य अध्यापकाकडे जाण्यास त्याला अवधी मिळतो. मोघम पत्राने मात्र त्याचे वर्ष वाया जाऊ शकते, आणि त्याचे कारण त्याला कधी कळतही नाही.