तिसाव्या सेकंदाच्या पुढे

नव्या गाण्यासोबत येणारं पत्रक मी गाणं ऐकून होईपर्यंत उघडत नाही. त्यात ‘चौकटीबाहेरचा आवाज’ असतो, ‘मातीशी नाळ’ असते, गायकाच्या कॉलेजचं नावही असतं. गाणं कसं आहे तेवढंच नसतं. स्वतंत्र कलाकारांची पाच नवी गाणी निवडून दर महिन्याला मी ती ओळखीपाळखीच्या लोकांना पाठवते. मागे कुठल्या कंपनीचं पाठबळ नाही, खिशातून स्टुडिओचं भाडं भरतात, नाहीतर सरळ झोपायच्या खोलीत माइक लावतात, अशांची गाणी. पाठवणं चुटकीसरशी होतं. वेळ खातं ते ऐकणं.

पहिल्यांदा ऐकायचं ते हेडफोन लावून आणि शेवटपर्यंत. हे शेवटपर्यंत मी कटाक्षाने पाळते, कारण हल्लीची गाणी सुरुवातीलाच हातघाईवर येतात. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजल्याशिवाय गाणं हिशेबातच धरलं जात नाही, आणि २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला तिथून रॉयल्टीही मिळत नाही. मग नवखी मंडळी सुरुवातीचे वाद्यांचे तुकडे कापून टाकतात आणि ध्रुवपद दारातच आणून उभं करतात. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? पण ज्यांनी घाई केलेली नाही, त्यांच्यासाठी कुणीतरी थांबायला हवं. दिल्लीच्या ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’ या बँडच्या ‘बिस्मिल्ला’ अल्बममधलं (२०१९) ‘मेमरी बॉक्स’ आठेक मिनिटं चालतं. मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी ही शुद्ध उधळपट्टी. मी मात्र ते बेधडक सुचवलं होतं.

दोन गाण्यांत एक निवडायचं असेल, तर आधी दोन्हींचा आवाज कानाला सारखा करून घेते. मास्टरिंगमध्ये चढवून ठेवलेलं गाणं पहिल्या फटक्यात भारी वाटतं; पातळी समान केली की त्याची निम्मी ऐट उतरते. मध्यंतरी एका मुलीचं गाणं आलं होतं. गिटार आणि गळा, बाकी काही नाही. मागे पंख्याची घरघर ऐकू येत होती. दुसरं कडवं तिने बहुधा दुसऱ्या दिवशी गायलं असावं, कारण तिथे पंखा बंद होता. अचानक इतकी शांतता पसरली की ओळ सुरू करण्याआधी तिने घेतलेला श्वासही ऐकू आला. स्टुडिओत हे पहिल्यांदा पुसून टाकलं असतं. त्याच्याविरुद्ध होतं एक चकचकीत पॉप गाणं, तालाला पक्कं, कुठे बोट ठेवायला जागा नाही. दोन्ही स्वयंपाकघरात, फोनच्या स्पीकरवर, कुकरच्या शिट्ट्यांत लावून पाहिली. पॉप गाण्याचा नुसता ठेका उरला. मुलीची चाल भांडी घासतानाही माझ्या तोंडात होती. ती यादीत गेली.

मग प्रश्न क्रमाचा. पाच गाणी पाच तऱ्हेची असली की कोण कुणाशेजारी बसणार, हे पंगतीसारखं जपावं लागतं. अरुणाचलचा ताबा चाके निशीसह अनेक भाषांत गातो, हलक्या बोटांनी गिटार वाजवतो. त्याच्या लगेच पुढे दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’चं मेटल ठेवलं तर ऐकणारा फोन फेकून देईल. मध्ये एखादं रॅप चालतं. मुंबईच्या ‘स्वदेशी’ने आरेतल्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन केलेलं ‘द वारली रिव्होल्ट’ (२०१९) अशा जागी चपखल बसतं: बोलण्याचा रोखठोकपणा आहे आणि पुढच्या दणक्याची तयारीही होते.

शैलीचं नाव लिहून काही साधत नाही, हे मला माझ्या नाशिकच्या मावसबहिणीने शिकवलं. ‘फोक मेटल’ असं लिहिलं की ती ते गाणं ओलांडून पुढे जायची. मग एकदा लिहिलं, “ताई, यात ढोल आहे, मिरवणुकीतला वाटेल असा.” तासाभरात तिचा फोन. “ढोल झकास आहे गं, पण तो बाबा एवढा कुणावर ओरडतोय?” म्हणजे ऐकलं होतं, आणि पूर्ण ऐकलं होतं. तेव्हापासून गाण्याखाली मी एकच ओळ लिहिते आणि तीत कानाला प्रत्यक्ष ऐकू येणारी एक तरी गोष्ट असते. ‘अप्रतिम’ हा शब्द मी स्वतःला बंद केला आहे.

बीबीसीच्या रेडिओ वनवर १९६७ पासून २००४ साली मृत्यू येईपर्यंत नवं संगीत वाजवणाऱ्या जॉन पीलने १९७८ मध्ये उत्तर आयर्लंडच्या ‘अंडरटोन्स’चं ‘टीनेज किक्स’ लागोपाठ दोनदा लावलं होतं. विशेषणं न वापरता केलेली याहून मोठी शिफारस मला माहीत नाही. त्याच धर्तीवर, कुणीच न ऐकलेलं एखादं गाणं मी पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवते. लोक वैतागतात. वैतागोत.

दुवा देताना मात्र विचार करावा लागतो. बँडकॅम्पवर डिजिटल विक्रीतला साधारण १५ टक्के हिस्सा कंपनी घेते. मार्च २०२० मध्ये, कोविडच्या सुरुवातीला, त्यांनी काही ठरावीक शुक्रवारी तो हिस्सा सोडायला सुरुवात केली. त्या दिवशी विकत घेतलेल्या गाण्याचे जास्त पैसे कलाकाराला पोचतात. असा शुक्रवार असेल त्या महिन्यात मी यादी गुरुवारी रात्रीच पाठवते आणि दुवा बँडकॅम्पचाच देते. फुकट ऐकायची सवय लागलेल्यांपैकी दोघातिघांनी जरी पाकीट उघडलं, तरी पंख्याच्या घरघरीत गाणाऱ्या मुलीच्या गिटारच्या तारांचा खर्च निघतो.