‘हात उचलवतो’ आणि ‘हात उचलते’ : पक्षाघातानंतरच्या हस्तचलनाचे संवेदकांद्वारे मापन

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर रोगी हळूहळू सावरू लागला, म्हणजे भेटीस येणारी माणसे विचारतात, ‘आता हात उचलवतो का?’ संगमेश्वरासारख्या गावी कोणत्याही घरात हा प्रश्न याच शब्दांत ऐकू येईल. त्याचे व्याकरण ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘उचलवतो’ हे शक्य क्रियापदाचे रूप होय. बाह्यतः ते प्रयोजकासारखे दिसते. परंतु कर्ता ‘तिला’ किंवा ‘तिच्याने’ अशा रूपात आला, की अर्थ ‘उचलण्याची शक्ती आहे’ असा होतो. रुग्णालयातील तपासणीही नेमके हेच विचारीत असते. ‘ती दिवसभरात हात उचलते का?’ हा प्रश्न अगदी निराळा आहे, आणि त्याचे उत्तर तपासणीच्या खोलीत मिळत नाही. मनगटावर बांधावयाच्या गतिसंवेदकांचे प्रयोजन या दुसऱ्या प्रश्नाशी निगडित आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली स्वीकारलेल्या कार्यक्षमता व विकलांगता यांच्या वर्गीकरणात ‘क्षमता’ आणि ‘प्रत्यक्ष आचरण’ असा भेद स्पष्टपणे केलेला आहे. चॉम्स्कीने १९६५ साली मांडलेल्या भाषिक क्षमता व भाषिक प्रयोग या भेदाची येथे आठवण होणे स्वाभाविक असले, तरी ते साम्य वरवरचे आहे. चॉम्स्कीची क्षमता म्हणजे मनातील ज्ञान. ती कधीच थेट दिसत नाही. वैद्यकातील क्षमता मात्र डोळ्यांसमोर करून दाखवावी लागते, फक्त अनुकूल परिस्थितीत आणि कोणी सांगितल्यावरून.

अशी क्षमता मोजण्याच्या श्रेणी चांगल्या रुळलेल्या आहेत. स्वीडनमध्ये १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या फुगल-मेयर श्रेणीत प्रत्येक हालचालीस शून्य, एक किंवा दोन गुण देतात व हाताच्या विभागाची बेरीज जास्तीत जास्त ६६ होते. १९८१ सालच्या ‘अ‍ॅक्शन रिसर्च आर्म टेस्ट’मध्ये वस्तू पकडणे, उचलणे, चिमटीत धरणे इत्यादी कृतींना मिळून ५७ गुण आहेत. या श्रेणींना कमी लेखण्याचे कारण नाही. पण रोगी घरी परतल्यावर त्याच हाताचे काय होते, हे त्या सांगू शकत नाहीत, आणि तसा त्यांचा दावाही नाही.

क्षमता आली की वापर आपोआप वाढतो, ही समजूत सहज पटण्यासारखी आहे. ती खरी नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाऊब यांनी माकडांच्या एका हाताच्या संवेदी नसा तोडून केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की प्राणी तो हात वापरणे सोडून देतो; मात्र चांगला हात बांधून ठेवला, तर निकामी समजला गेलेला हात पुन्हा कामास लागतो. सुरुवातीच्या अपयशातून प्राणी हात न वापरण्याचेच शिक्षण घेतो, असा निष्कर्ष टाऊब यांनी काढला. यातूनच चांगल्या हातावर बंधन घालून दुर्बल हाताचा सराव करविण्याची उपचारपद्धती निघाली. याउलट, अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात कॅथरीन लँग यांच्या गटाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, झटक्यानंतर सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्या रोग्यांकडून विशिष्ट कृतींचा भरपूर सराव करून घेण्यात आला. त्यांची क्षमता वाढली. पण मनगटावरील संवेदकांनी नोंदलेला घरातील वापर सरासरीने होता तेवढाच राहिला. या निष्कर्षाने उपचारतज्ज्ञांना अस्वस्थ केले असल्यास नवल नाही.

संवेदकाची रचना फारशी गूढ नाही. त्वरणमापकात सिलिकनचा एक सूक्ष्म पिंड लवचीक आधारावर टांगलेला असतो. वेग बदलला की तो किंचित सरकतो आणि शेजारच्या पट्ट्यांमधील विद्युत्धारिता बदलते. स्थिर अवस्थेतही हे उपकरण पृथ्वीच्या गुरुत्वाची नोंद करीत असते, म्हणून हात किती कललेला आहे हेही त्यावरून काढता येते. सोबत जायरोस्कोप असल्यास मनगट फिरण्याचा वेगही मिळतो. दोन्ही मनगटांवर असे एकेक यंत्र दिवसभर ठेवतात, प्रत्येक सेकंदाची हालचाल ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक आहे की नाही ते पाहतात आणि दोन हातांच्या एकूण काळाचे गुणोत्तर काढतात. लँग यांच्याच गटाने २०१३ साली ७४ निरोगी प्रौढांची पाहणी केली असता हे गुणोत्तर सरासरी ०.९५ आढळले: प्रधान हात सुमारे ९.१ तास, दुसरा सुमारे ८.६ तास. म्हणजे उजवा-डावा हा भेद कौशल्यात कितीही मोठा असला, तरी नुसत्या हालचालीच्या काळात तो अल्पच आहे.

परंतु हालचाल म्हणजे वापर नव्हे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ही अडचण परिचित वाटेल. ध्वनिलेखावर उमटते ते सारे कंपन भाषेच्या दृष्टीने सार्थ नसते; कोणता भेद अर्थभेदक आहे, हे यंत्र सांगत नाही. संगमेश्वराहून साखरप्यामार्गे आंबा घाटातून कोल्हापूरला एस.टी.ने निघालेल्या रोग्याचा मांडीवर निपचित पडलेला हातही यंत्राच्या लेखी कामात असू शकतो. चालताना आपोआप झुलणाऱ्या हाताची गोष्ट तीच. उलट, डाव्या हाताने परात घट्ट धरून उजव्याने पीठ मळणाऱ्या बाईचा डावा हात मोलाचे काम करीत असूनही यंत्राला जवळजवळ स्वस्थ दिसतो. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज व मद्रासची आय.आय.टी. येथील संशोधकांनी २०२१ साली मांडलेल्या चौकटीत म्हणूनच हात वापरात आहे की नाही, हे प्रथम क्षणाक्षणाला ठरवावे आणि मग त्यावरून तीव्रता, दोन हातांतील समतोल इत्यादी गोष्टी काढाव्यात, अशी रचना आहे. हा क्रम योग्य होय.

गुणोत्तराचा आणखी एक फसवा गुण आहे. दोन्ही हात स्वस्थ राहिले तरी ते एकाच्या जवळ जाते. कोकणातील घरात हे घडण्यास अवधी लागत नाही. उजवी बाजू गेलेल्या आजींना डाव्या हाताने जेवणे प्रशस्त वाटत नाही. मग सून किंवा लेक भरवू लागते. ‘तुम्ही बसा, मी करते’ या मायेच्या वाक्याने चांगल्या हाताचेही काम सुटते, आणि कागदावर दोन्ही हात समसमान दिसू लागतात! तेव्हा गुणोत्तराबरोबर एकूण वापराचे तासही पाहिल्यावाचून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. सेंट लुईसच्या माणसांवरून काढलेले ०.९५ हे मान आपल्याकडे जसेच्या तसे घ्यावे काय, हेही तपासले पाहिजे; उजव्या हातानेच जेवण्याची रीत आणि दोन्ही हातांनी वाटी धरून खवणीवर खोबरे खवणे, ही कामे त्या मानात मोजलेली नाहीत.

यंत्राऐवजी रोग्यालाच का विचारू नये? तशा प्रश्नावल्या आहेत, आणि त्यांचे मराठी रूप करताना वरील व्याकरणभेद आडवा येतो. ‘हात वापरता का?’ असे विचारल्यास ‘हो, उचलवतो की’ असे उत्तर येते. प्रश्न आचरणाचा, उत्तर क्षमतेचे. ‘काल पाण्याचा तांब्या कोणत्या हाताने उचललात?’ असे विचारणे अधिक सुरक्षित. पण ज्यांना उत्तरच देता येत नाही त्यांचे काय? बहुतेकांत भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या गोलार्धात असल्यामुळे उजव्या अंगाच्या पक्षाघाताबरोबर वाचाघातही अनेकदा येतो. अशा रोग्याची प्रश्नावली कुटुंबातील दुसरेच कोणी भरते, आणि त्या उत्तरांत भरविणाऱ्याची नजर मिसळते. या रोग्यांसाठी संवेदकाची मूक नोंद हीच बहुधा सर्वांत सरळ साक्ष होय.

उपयोगातील बारकावे मात्र क्षुल्लक समजू नयेत. काचेच्या बांगड्या काढण्यास अनेक सौभाग्यवती स्त्रिया राजी होणार नाहीत, आणि आग्रह धरणेही गैर. यंत्र बांगड्यांच्या वर, कोपराच्या बाजूस सरकवून बांधता येते. तसे केल्यास कोपरापासूनचे अंतर घटते, त्यामुळे तेवढ्याच हालचालीत नोंदले जाणारे त्वरणही घटते. म्हणून दुसऱ्या हातावरील यंत्रही तितक्याच अंतरावर बांधले पाहिजे, मग त्या हातात बांगड्या असोत वा नसोत.